थोरलीचं काम

माझ्या लेकीला, अजानीला, जुळं झालं, त्या वर्षी बाळांना पहिली आंघोळ कोणी घालायची यावरून माझं आणि थोरल्या सवतीचं, आवेरोचं, बोलणं तुटलं. पण केसांना काळा दोरा गुंडाळून ते ताणायचे, तर मागे स्वतःचा हात पोचत नाही. म्हणून दर पंधरवड्याला आम्ही आळीपाळीने एकमेकींच्या पुढ्यात बसायचो आणि दारातल्या शेळीशी बोलायचो.

“शेळे, हिला म्हणावं, मान खाली घाल.”

“शेळे, तिला म्हणावं, हळू ओढ. डोकं आहे, लाकडाची मोळी नाही!”

अशी एकोणीस वर्षं गेली.

आता पुढचे केस मी गुंडाळते, मागचे मोकळेच असतात.

“आजी, आण दोरा, मी बांधते,” नात म्हणाली.

“राहू दे गं. ते थोरलीचं काम आहे.”

आवेरो नव्या कंदांच्या सणाआधीच्या शुक्रवारी वारली.