आवाज नको

कपाटावरचा चेंडू सुटला आणि टप्, टप्, टप् करत फरशीभर उड्या मारत निघाला. हातातली चादर टाकून आईने झेप घेतली आणि चेंडू पोटाशी दाबून धरला.

"किती वेळा सांगितलं तुला? खाली आवाज जातो!"

"मी नुसता काढून बघत होते," लेक पुटपुटली.

खालच्या घरातला मुलगा गेल्या महिन्यात तापाने गेला. दुसऱ्याच दिवशी हिने इमारतीतली सगळी दारं ठोठावली. जिन्यात धावायचं नाही, अंगणात खेळायचं नाही. त्या माउलीच्या कानावर दुसऱ्यांच्या पोरांचं हसू पडायला नको. सगळ्यांनी मनापासून पाळलं. पोरं चवड्यांवर चालायला लागली. "तुझ्यामुळे निदान एवढं तरी झालं हो," असं शेजारच्या आजोबांनी म्हटलं, तेव्हा तिला बरंही वाटलं होतं. खाली जाऊन भेटणं मात्र रोज उद्यावर गेलं. तिथे जाऊन बोलायचं तरी काय?

बेल वाजली. दारात खालचीच उभी. केस विस्कटलेले, दोन पायांत दोन वेगळ्या चपला.

"चुकलं हो वहिनी," आई घाईघाईने म्हणाली. "चेंडू सुटला हातातून. परत नाही होणार."

"परत टाका ना."

"अं?"

"कितीतरी दिवसांनी वर काहीतरी वाजलं. तशीच उठून आले." खालचीने चौकटीला हात टेकला. "दिवसभर कान लावून बसते मी. माझं एक पोर गेलं, वहिनी. तुम्ही बाकीची सगळी कुठे पाठवलीत?"

'आत या' म्हणायचं आईचं राहूनच गेलं. खालची तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली, कठड्याला डोकं टेकून. आईही तिच्या शेजारी टेकली.

"जा गं," ती लेकीला म्हणाली. "हाका मार सगळ्यांना. खेळा अंगणात. हवा तेवढा दंगा करा."

लेकीने चपला अडकवल्या. दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. एकदा खालच्या काकूंकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"पण आई, पकडापकडीत राज्य त्याच्यावरच राहिलंय. आता ते कोणी घ्यायचं?"