उशिराचा फोन

“बाबा, माझी अप्रेंटिसशिप बहुतेक गेली,” हेमांगी चपला काढतानाच म्हणाली. बांधकामाचं नियोजन शिकायला लागून तिला महिनाच झाला होता. त्यांची कंपनी बांधत असलेल्या एका शाळेच्या इमारतीचं काम लांबणार होतं. प्रोजेक्ट मॅनेजरनं गप्प बसायला सांगितलं, तरी तिनं मुख्याध्यापिकांना फोन करून कळवलं.

“नसता शहाणपणा कुणी शिकवला?”

“आईनं. उशीर चालेल, पण माणसाला वाट बघत ठेवू नये, म्हणायची ना?”

मी तिचं ताट वाढायला घेतलं.

सकाळी तिला मॅनेजरचाच फोन आला. वेळेवर कळल्यामुळे बाईंना वर्गांची दुसरी सोय करता आली होती. “यापुढे शाळेशी तूच बोलायचं,” ते म्हणाले.

संध्याकाळी मी चहा ठेवला आणि फोन वाजला. “बाबा, अर्धा तास उशीर होईल.”

बायको गेल्यापासून असा फोन आला नव्हता.

“सावकाश ये,” म्हणालो आणि गॅस बंद केला.