ओझोनचा बाऊ

“बाबा, त्या ओझोनच्या भोकाचा तुम्ही लोकांनी केवढा बाऊ केला होता. झालं का काही?” जावई काल जेवताना बोलून गेला आणि वाद पेटला.

निवृत्त शास्त्रज्ञ आज जिना उतरतानाही धुमसत होते. “अगं, आम्ही जगाच्या मागे लागून ओझोन खाणारे ते फ्रीज-स्प्रेमधले वायू बंद करायला लावले, म्हणून झालं नाही. नाहीतर ओझोनचं छप्पर उडालं असतं आणि उन्हाने याची कातडी सोलली असती. आणि हा मलाच विचारतो, झालं का काही.”

फाटकाशी बायको थबकली. “गॅस बंद केलाय ना, एकदा बघून येते.”

“दर वेळी तुझं हेच,” शास्त्रज्ञ वैतागले. “आजवर कधी झालंय का काही?”

“काल जावयाशी उगाच भांडलात,” ती जिना चढता चढता म्हणाली. “तुमचं दोघांचं तर एकच मत आहे.”