वठलेलं झाड

वनखात्यातली लेक कुठली झाडं पाडायची ते ठरवत जंगलातून हिंडत होती. जन्मभर सुतारकाम केलेले बाबा हौसेनं तिच्याबरोबर आले होते. एका वठलेल्या खोडावर त्यांनी सवयीनं बोटांनी टकटक केली. "पाडून टाक हे. यात जीव नाही."

वरच्या ढोलीतून पिंगळ्यानं डोकं काढलं, मधल्या ढोलीतून खारीनं. खालच्या ढोलीतून तर पोपट भुर्रकन उडाला.

"एवढी बिऱ्हाडं वसवली कुणी?" बाबांचा आवाज आपोआप खाली आला.

"सुतारपक्ष्यानं. दरसाल नवं घर कोरतो, जुनं दुसऱ्यांना सोडतो. त्याची घरं दिसली की वठलेलं झाडही आम्ही राखतो."

बाबांनी हाताशी आलेल्या खालच्या ढोलीच्या गोल कडेवरून बोट फिरवलं आणि चपला काढून बाजूला ठेवल्या.

"बाबा, काटे आहेत."

"असू देत. मोठ्या कारागिराच्या दारात उभा आहे मी."