तिसरा खांब

पूल सुरक्षित असल्याच्या दाखल्यावर सही करायला पेन उघडलं आणि संजीवनीचा हात थांबला.

बाहेर मांडव घातला होता. पिंपळगाव राजाजवळच्या नाल्यावरचा नवा पूल तासाभरात सुरू होणार होता. पत्र्याच्या साइट ऑफिसात ती आणि मोईज दोघंच होते. जमिनीची तपासणी आणि आराखडा तिच्या कंपनीचा, बांधकाम मोईजचं. काम दोघांनी मिळून घेतलेलं. करारात स्पष्ट होतं, एकमेकांविरुद्ध तक्रार करायची नाही. ठपका आला तर दोघांवर येईल.

सकाळी तिने लेव्हल लावून पाहिली होती. तिसरा खांब दोन बोटं खचला होता. सही केली, तर उद्यापासून शाळेच्या गाड्या त्यावरून जाणार. नाही केली, तर अकरा वर्षांत उभी केलेली तिची कंपनी मोईजच्या चुकीपायी काळ्या यादीत जाणार. सार्वजनिक बांधकाम खात्याचे अभियंता प्रेमानंद साहेब दोनदा दारात डोकावून गेले होते. वरचा पत्रा तापला होता.

मोईज मान खाली घालून बसला होता. सही त्यानेही केली नव्हती.

"मोईजभाई, पाया नीट भरला असता तर ही वेळ आली नसती," ती शेवटी म्हणाली.

त्याने मोबाइलवरचा फोटो तिच्यापुढे धरला. खालची जमीन पाहायला खांबाशेजारी त्याने नव्याने बोअर घेतलं होतं. पाया आराखड्याप्रमाणेच होता. त्याखाली जेमतेम हातभर मुरूम, आणि मग नुसती काळी चिकट माती.

"आठ दिवस झाले, ताई," तो हळू आवाजात म्हणाला. "सांगतलं तर तुमचं नाव जाते. नाही सांगतलं तर लेकरं जातीन. मले काही सुधरूनच नाही राह्यलं."

संजीवनीला जमीन तपासणीचा तो दिवस आठवला. नाल्याला पाणी होतं. बोअरचं मशीन तिसऱ्या खांबाच्या जागेवर उतरत नव्हतं. मुदत संपत आली होती, म्हणून तिने दुसऱ्या खांबाच्या जागेचेच आकडे तिथे लिहून दिले होते. नंतर ती ते विसरूनही गेली होती.

प्रेमानंद साहेब पुन्हा दारात आले. सह्या झाल्या का, त्यांनी विचारलं.

मोईजने तिच्याकडे पाहिलं नाही. संजीवनी उठून उभी राहिली.

"साहेब, पूल उघडू नका," ती म्हणाली. "तिसऱ्या खांबाखालची जमीन मी तपासलीच नव्हती."