पेट्रोलचा ओघळ

"किल्ली घे," धाकटा म्हणाला, तेव्हा ताईला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

ती लाल स्पोर्ट्स कार घरात आल्याला चार वर्षं झाली होती आणि या चार वर्षांत त्याने बहिणीला स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. स्टिअरिंग राहिलं बाजूला, ती गाडीला टेकून उभी राहिली तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची. अंगठीने रंगावर चरा उमटतो म्हणे. ताई बेकरीची व्हॅन चालवायची, पावाचे क्रेट दुकानोदुकानी पोचवायची. तिच्या व्हॅनवर इतके ओरखडे होते की ताजा कुठला आणि जुना कुठला, हे तिलाही सांगता आलं नसतं. आणि आज हा शहाणा मुकाट्याने शेजारच्या सीटवर जाऊन बसला होता. का, असं विचारलं तर म्हणाला, तुला जमायला हवी. पुढे काही नाही.

गाडीला साधं पेट्रोल चालत नसे. भारीतलं मिळणाऱ्या पंपावर तिने गाडी नेली आणि टाकीचं झाकण उघडायचा खटका सीटखाली शोधू लागली. तिथे नव्हता. डॅशबोर्डखालीही नव्हता. मागे गाड्या खोळंबल्या. नळी हातात घेऊन पंपवाला कंटाळून उभा होता. धाकट्याने सांगितलं की खटका नाहीच; दारांचं लॉक उघडं ठेवून झाकणाची मागची कड दाबायची. तिने पुढची दाबली. मग मागची.

पंपवाला पुढे सरकला, तर धाकट्याने त्याला थांबवलं. ताईच भरेल, म्हणाला. मग एकेक सूचना सुरू झाल्या. झाकणाखाली फडकं अंथर. नळी अर्धीच आत घाल, उलटी धर. जोरात सोडू नकोस, या टाकीला घाई खपत नाही, नळीतून येणं लगेच बंद पडतं.

खरंच बंद पडलं. दोनदा.

ताईने वैतागून वर पाहिलं. धाकट्याने खिशातून पातळ प्लॅस्टिकची पिशवी काढून हातावर चढवली होती आणि तो बॉनेटवरून तळवा फिरवत होता. पिशवीतून बोटांना बारीकसारीक कण लागतात, असं तो म्हणाला. हे नवीनच होतं. एरवी तो रंगाला कोणाचा हात लागू द्यायचा नाही, स्वतःचासुद्धा. उन्हात तिरका वाकून, एक डोळा मिटून बघायचा आणि केसाएवढी रेघ शोधून काढायचा. आजही ऊन लख्ख होतं.

तिचं लक्ष तिकडे होतं, तेवढ्यात टाकीने पेट्रोल उलट फेकलं. फडकं राहिलं एका बाजूला आणि लाल रंगावरून एक ओघळ थेट चाकापर्यंत उतरला.

आता हा सगळ्या पंपासमोर आपली शोभा करणार, म्हणून ती अंग चोरून उभी राहिली. धाकटा दोन पावलांवर आला होता. त्याचं तोंड बरोबर त्या ओघळाकडे होतं.

"सांडलं नाही ना?" त्याने विचारलं.

टोमणा मारतोय, असं तिला वाटलं. पण चेहऱ्यावर टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. ती त्याच्याकडे बघायची, ओघळाकडे बघायची, आणि काही जुळेना. हा पंधरा दिवस कामावर का गेला नाही? दातांच्या कवळ्या घडवणारा माणूस, काम कमी आहे म्हणाला होता. आणि परवा फाटकात आपल्याशी न बोलता सरळ पुढे निघून गेला. रागावलाय, असं समजून आपण दोन दिवस अबोला धरला.

"नाही सांडलं," ती म्हणाली आणि हळूच फडकं उचलून पुसू लागली.

"घासू नकोस. नुसतं टेकव आणि उचल."

ताईचा हात थांबला. "दिसलं तुला?"

"वास आला."

मागून हॉर्न वाजायला लागले. तिने कसंबसं झाकण लावलं, त्याला आत बसवलं आणि गाडी हवा भरायच्या मशीनजवळ नेऊन बंद केली. दोघंही खाली उतरले. तिथे त्याने सांगितलं. उजवा डोळा हिवाळ्यात गेला, आता डावाही चाललाय. कडेकडेचं राहतं, मधलं जातं. ज्याच्याकडे रोखून बघावं, तेच नाहीसं होतं. डॉक्टरांनी गाडी बंद केली, कवळ्यांचं काम त्याने स्वतःच थांबवलं. उपाय नाही, हे दोघा डॉक्टरांना विचारून झालं होतं.

"मग ही विकायची नाही?" ताईने विचारलं. दुसरं काही सुचेना म्हणून विचारलं.

"तू चालव. मी बाजूला बसेन. चालवतेस घाण, पण शिकशील."

तिला खूप काही विचारायचं होतं. त्यातलं पहिलं काय विचारावं, तेच कळेना.

"मी दिसते का रे तुला?"

त्याने हळूहळू मान फिरवली, थेट हवेच्या मशीनकडे, आणि तिकडेच बघत उभा राहिला.

"हां, आता दिसतेस," तो म्हणाला. "केसांत पांढरं काय आहे गं? पीठ, की पिकले?"