सकाळीच अडकणारी रायफल

पोलिसांच्या बंदुका दुरुस्त करणं हे माझं काम. आलापल्लीच्या पुढच्या एका जंगलातल्या चौकीवरून त्या डिसेंबरात तिसऱ्यांदा बोलावणं आलं. धनराज शिपायाची रायफल रोज सकाळच्या सरावात दोन गोळ्या झाल्या की अडकायची. मी दुपारी पोचलो की तीच बया वीसच्या वीस गोळ्या सटासट सोडायची.

धनराज रडकुंडीला आला होता. "सारे मलेच हसून राह्यले, सायेब. जंगलात अडकली तं मी का गोटे मारू?"

पहिल्या खेपेला मुखरू हवालदार लंगडत लंगडत माझ्यासाठी चहा घेऊन आले होते. या वेळी मी त्यांच्या आणि धनराजच्या खोलीतच मुक्काम केला.

कुडकुडत्या सकाळी रायफल खरंच अडकली. मॅगझिन उघडलं तर आतली स्प्रिंग तुपासारख्या पांढऱ्या थरात रुतलेली. ती गोळीला वर ढकलणार कशी? वास घेतला. मोहाच्या बियांचं तेल, इकडे दुखण्यावर चोळतात ते! थंडीत गोठायचं आणि दुपारच्या उन्हात पातळ व्हायचं.

"हे तेल काऊन लावलं रे?" मी धनराजला विचारलं.

"मी तं खोलीतल्या फळीवरचं बंदुकीचंच तेल लावतो, सायेब."

फळीवर सारख्याच दोन बाटल्या होत्या, एकीत मोहाचं तेल, दुसरीत बंदुकीचं. बंदुकीच्या तेलाची बाटली जवळजवळ रिकामी होती. मी ती उचलून उजेडात दाराबाहेर आणली.

 

तेवढ्यात पहाऱ्याच्या मचाणावरून मुखरू हवालदार टणाटण उड्या मारत खाली आले, "सायेब, माह्या गुडघ्याच्या औषधाले हात लावू नोका!"